वर्गात ए, परीक्षेत 2: मग लेकीला केमिस्ट्री येते की नाही?

या वेळचं पत्र शिकागोजवळच्या एका उपनगरातून आलंय. पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं देते. (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेला कॉलेजच्या पातळीचा विषय. त्याची परीक्षा कॉलेज बोर्ड नावाची संस्था मे महिन्यात घेते, स्कोअर 1 ते 5, त्यात 5 सगळ्यात वरचा. वर्गातला ए, बी हा ग्रेड शाळा वेगळा देते.)

"नमस्कार ताई, मुलगी आत्ता अकरावी संपवून बारावीत जातेय. यंदा तिने दोन एपी घेतले होते, केमिस्ट्री आणि यूएस हिस्टरी. केमिस्ट्रीत दोन्ही सेमिस्टरला ए, हिस्टरीत दोन्ही वेळा बी प्लस, आणि त्या हिस्टरीपायी वर्षभर घरात रडारड. जुलैत एपीचे स्कोअर आले तर केमिस्ट्रीत 2 आणि हिस्टरीत 4! मिस्टर म्हणतात शाळेने फसवलं, टीचरला जाब विचारायचा आणि तो 2 कॅन्सल करून टाकायचा. आमच्या ओळखीतल्या एकांच्या मुलाला केमिस्ट्रीत बी होता त्याला 5 आला, ते ऐकल्यापासून तर घरात विचारूच नका. लेक म्हणते मी ढ आहे, माझे ए खोटे आहेत. तिला पुढे मेडिकलला जायचंय. बारावीला एपी बायॉलॉजी आणि कॅल्क्युलस एबी घेतलंय, ते सोडावं का? कॉलेजवाले हा 2 बघून काय म्हणतील? सोबत पोर्टलवरच्या केमिस्ट्रीच्या मार्कांचा फोटो पाठवतेय."

नमस्कार. आधी त्या कॅन्सलचं बोलते, कारण तुमचे मिस्टर रागाच्या भरात लॉगिन करून बसले तर मग काही करता यायचं नाही. एपीचा स्कोअर एकदा कॅन्सल केला की तो कायमचा पुसला जातो, परत आणता येत नाही, आणि भरलेली फी पण परत मिळत नाही. बरं, करून फायदा काय, तर जवळपास शून्य. स्कोअर आपोआप कुठल्याच कॉलेजला जात नाहीत. दरवर्षी एका कॉलेजला फुकट पाठवता येतात, त्यासाठी जूनच्या 20 तारखेच्या आत कॉलेजचं नाव टाकावं लागतं. अकरावीतली मुलं सहसा ते रिकामंच सोडतात, तुमच्या लेकीने पण सोडलं असणार, एकदा विचारून घ्या. अर्ज भरताना, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज असतो त्या कॉमन अ‍ॅपमध्ये आपले स्कोअर आपण लिहायचे असतात, त्यात हिस्टरीचा 4 लिहा, केमिस्ट्रीची ओळ भरू नका, यात लपवाछपवी वगैरे काही नाही, सगळे असंच करतात. थोडी गोम आहे ती दोन ठिकाणी. एक म्हणजे काही शाळा एपीचे स्कोअर ट्रान्सक्रिप्टवरच (कॉलेजला जाणाऱ्या शाळेच्या गुणपत्रकावर) छापतात, तुमची छापते का ते काउन्सेलरला विचारा. आणि दुसरं, येलसारख्या एखाद्या कॉलेजने 2024 पासून सॅट किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांच्या जागी एपीचे स्कोअर दिले तरी चालतील असं केलंय, पण तो रस्ता धरला तर मग झालेल्या सगळ्या एपीचे स्कोअर सांगायचे असतात, आवडीचे तेवढे नाही. तुम्ही सॅट देणारच असाल तर तो प्रश्नच येत नाही. पुढे अ‍ॅडमिशन झाल्यावर क्रेडिटसाठी (तो कोर्स कॉलेजात केल्यासारखा धरला जावा म्हणून) ऑफिशियल रिपोर्ट पाठवाल तेव्हा त्यात तो 2 पण जाईल, जाऊ दे की, तोवर अ‍ॅडमिशन हातात असते आणि त्या 2 चं कोणी काही करत नाही.

आता तो पोर्टलचा फोटो. तुम्ही तो बरं झालं पाठवलात, कारण सगळं उत्तर त्यात आहे आणि मला वाटतं तुमच्या घरात तो फोटो कोणी नीट वाचलेलाच नाहीये. शेवटचा आकडा बघितला, ए दिसला, पोर्टल बंद. मी इथे हायस्कूलला केमिस्ट्रीच शिकवते त्यामुळे असे फोटो मला रोज दिसतात, आपण जरा बसून वाचू.

चार ओळी आहेत. होमवर्क, वजन 20 टक्के, मार्क 100. लॅब, वजन 25 टक्के, मार्क 97. क्विझ, वजन 15, मार्क 91. टेस्ट, वजन 40, मार्क 79. गुणाकार करून बेरीज केली तर 20 अधिक 24.25 अधिक 13.65 अधिक 31.6, म्हणजे 89.5. ते वर ढकलून 90 केलं आणि 90 ला ए. आता बघा, होमवर्कचे 100 म्हणजे वेळेवर दिलं त्याचे 100, बरोबर आलं त्याचे नाही, कारण वर्षभर प्रत्येक वेळी शंभरच्या शंभर बरोबर येणारं मूल मी तरी बघितलेलं नाही. लॅबचे 97 म्हणजे चार जणांच्या ग्रुपने मिळून लिहिलेला रिपोर्ट. तुम्ही महाराष्ट्रात बारावी सायन्स केलं असेल तर जर्नल सर्टिफाय करून घ्यायची धावपळ आणि प्रॅक्टिकलचे मार्क आठवत असतील, तोच प्रकार. क्विझ तुम्हीच लिहिलंय की वही उघडी ठेवून होतात. राहिली टेस्ट. आणि त्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलंय की टेस्टमधल्या चुका दुरुस्त करून दिल्या की गेलेल्या मार्कांतले निम्मे परत मिळतात. लेक मेहनती आहे, ती दर वेळी दुरुस्त्या देत असणारच. म्हणजे 79 हे दुरुस्तीनंतरचे. दुरुस्तीच्या आधीचे किती? 58. (58 मिळाले, 42 गेले, त्यातले निम्मे म्हणजे 21 परत आले, झाले 79.)

म्हणजे स्वतःच्या डोक्याने, वही मिटून, घड्याळ लावून लिहिलं तेव्हा लेकीला साधारण 58 टक्के येत होते, आणि हे ऑक्टोबरपासून पोर्टलवर दिसत होतं. कोणी लपवलं नव्हतं. फसवलं हा शब्द मला इथे पटत नाही तो यासाठी.

आता तुम्ही म्हणाल, मग 58 ला तरी 2 कसा? प्रश्न बरोबर आहे. एपीचं मोजमाप शाळेसारखं नसतं, शाळेत 90 ला ए असतो आणि एपी केमिस्ट्रीत साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास मिळाले तर 5 येतो, निम्म्याच्या आसपास पडले तरी 3 मिळून जातो, म्हणजे 58 ला तसं बघता पास व्हायला हवं. पण शाळेचे 58 हे त्याच महिन्यात शिकवलेल्या युनिटवरचे. मे महिन्यात एकाच सकाळी सगळ्याच्या सगळ्या युनिटवर 60 प्रश्न 90 मिनिटांत, आणि मग 7 लिहायचे प्रश्न 105 मिनिटांत, दोन्हींना निम्मं निम्मं वजन. सप्टेंबरमध्ये जे दुरुस्त्या देऊन मिटवलं ते मेपर्यंत पार उडालेलं असतं. आणि प्रश्नांची जात वेगळी असते हे मुलांना (आणि खरं सांगायचं तर काही टीचरना पण) शेवटपर्यंत कळत नाही.

एक नमुना देते. समजा विचारलंय की सोडियमपेक्षा मॅग्नेशियमची पहिली आयनायझेशन एनर्जी जास्त का. शाळेच्या टेस्टमध्ये बहुतेक मुलं लिहितात, मॅग्नेशियम पिरियॉडिक टेबलमध्ये उजवीकडे आहे आणि उजवीकडे गेलं की ती वाढते. शाळेत याला पूर्ण मार्क मिळू शकतात. एपीत याला शून्य, अर्धा पण नाही. कारण उजवीकडे वाढते हे कारण नाहीच, जे घडतंय तेच परत सांगितलं. एपीला हवं असतं ते असं की दोघांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन एकाच शेलमध्ये आहेत, पण मॅग्नेशियममध्ये 12 प्रोटॉन आणि सोडियममध्ये 11, म्हणून मॅग्नेशियमचं केंद्रक तो इलेक्ट्रॉन जास्त जोरात धरून ठेवतं आणि काढायला जास्त एनर्जी लागते. तसंच ऑक्टेट पूर्ण होतो म्हणून असं लिहिलं की गेला मार्क, ले शातेलियेच्या समतोलाच्या नियमाचं नुसतं नाव टाकून सुटायला बघितलं की गेला मार्क. पाठ केलेलं वाक्य तिथे चालतच नाही. दरवर्षीचे हे लिहायचे प्रश्न आणि त्यांचे मार्क कसे द्यायचे त्याचे कागद कॉलेज बोर्ड स्वतःच्या साइटवर फुकट टाकतं, ते एकदा तुम्ही स्वतः उघडून बघा, केमिस्ट्री कळली नाही तरी मार्क कशाला मिळतो आणि कशाला नाही हे लक्षात येईल.

आता एक कडू गोष्ट, पण सांगायला हवी, कारण आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणतं की अहो 2 म्हणजे पण चांगलाच, केमिस्ट्री फार अवघड असते. आधी ते थोडं तरी खरं होतं. 2022 मध्ये केमिस्ट्री देणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्याच जास्त मुलांना 3 किंवा त्याच्या वर होता. पण कॉलेज बोर्डाने गेल्या काही वर्षांत बऱ्याच विषयांत 3, 4, 5 च्या रेषा नव्याने आखल्या, आणि 2023 पासून केमिस्ट्रीत साधारण तीन चतुर्थांश मुलांना 3 किंवा त्याच्या वर असतो. यूएस हिस्टरीत पण तसंच झालं, 2023 ला निम्म्यापेक्षा कमी मुलांना 3 किंवा त्याच्या वर होता आणि 2024 ला एकदम सत्तर टक्क्यांच्या वर. मुलं काही एका वर्षात हुशार झाली नाहीत, रेषा सरकली. तेव्हा आजचा केमिस्ट्रीतला 2 म्हणजे परीक्षा देणाऱ्यांतली शेवटची पाव मुलं. हो, ही मुळात एपी घेणारी मुलं आहेत, अमेरिकेतली सगळी मुलं नव्हेत, तरी पण पाया कच्चा राहिलाय हे मान्य करायला हवं. आणि त्याच न्यायाने हिस्टरीचा 4 पण डोक्यावर घेऊन नाचू नका. चांगला आहे, खरोखर चांगला आहे, पण पाच वर्षांपूर्वीचा 4 याहून दुर्मीळ होता.

पण मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू का, तर हे दोन्ही विषय एकाच मुलीचे आहेत. नाहीतर एरवी लोक शेजारच्याच्या मुलाशी तुलना करतात आणि त्यातून काहीच कळत नाही, त्याची शाळा वेगळी, टीचर वेगळे, झोप वेगळी. इथे तीच मुलगी, तेच घर, तोच मे महिना, आणि जिथे ए होता तिथे 2 आला, जिथे बी प्लस होता तिथे 4. हिस्टरीच्या टीचरबद्दल तुम्ही पत्रात दोन ओळी तक्रारीच्या लिहिल्यात, की दर दोन आठवड्यांनी वर्गातच घड्याळ लावून डीबीक्यू (दिलेली कागदपत्रं वाचून लिहायचा निबंध) लिहून घेतात, घरी नेऊ देत नाहीत, दुरुस्ती नाही, आणि सात पैकी तीन-चारच देतात. अहो, डीबीक्यू खऱ्या परीक्षेत पण सात मार्कांचाच असतो, सात कागदपत्रं समोर टाकतात आणि एका तासात वाचून लिहायचं! त्या बाईंनी वर्षभर एपीच्याच फुटपट्टीने मोजलं, म्हणून त्यांचा बी प्लस आणि मेमधला 4 एकमेकांना धरून आहेत. केमिस्ट्रीच्या सरांनी वेगळ्या फुटपट्टीने मोजलं. रडारड झाली ती हिस्टरीत आणि शिकली पण ती हिस्टरीतच, हे मी नुसतं तुमचं मन राखायला म्हणत नाहीये. नॉर्थ कॅरोलायनात अल्जेब्राच्या वर्गांवर मोठा अभ्यास झालाय, शाळेचे ग्रेड आणि राज्याच्या परीक्षेचे मार्क शेजारी शेजारी ठेवून, त्यात हेच निघालं की हात आखडून मार्क देणाऱ्या टीचरकडची मुलं जास्त शिकतात.

मग केमिस्ट्रीचे सर वाईट का? नाही हो. शाळेचे नियम असतात, खूप ठिकाणी रीटेक द्यावाच लागतो, काही ठिकाणी शून्य देता येत नाही, 50 च्या खाली मार्क टाकायचेच नाहीत असा नियम असतो. आणि पालक! माझ्या इनबॉक्समध्ये सेमिस्टर संपताना 89.2 चे 90 करा म्हणून किती ईमेल येतात ते मी इथे लिहीत नाही. कॉलेज बोर्ड एपी नाव द्यायच्या आधी टीचरचा सिलॅबस तपासतं, पण मार्क कसे द्यायचे ते ज्याच्या त्याच्या हातात. त्यामुळे दोन शाळांतला एपी केमिस्ट्रीचा ए एकच वस्तू नसते, कधीकधी एका शाळेतल्या दोन वर्गांतला पण नसतो. आणि हे वाढतंच चाललंय. एसीटीवाल्यांनी त्यांच्या परीक्षेला बसलेल्या मुलांचं बघितलं तर 2010 ला हायस्कूलचा सरासरी जीपीए (सगळ्या विषयांच्या ग्रेडची 4 पैकी सरासरी) 3.17 होता तो 2021 पर्यंत 3.36 झाला, आणि त्याच काळात एसीटीचा सरासरी स्कोअर 21 वरून 20.3 वर घसरला. तुमच्या मिस्टरांना आपल्याकडचं उदाहरण जास्त पटेल, 2021 ला कोविडमुळे महाराष्ट्र बोर्डाची लेखी परीक्षाच झाली नाही, शाळा-कॉलेजांनी मागच्या आणि अंतर्गत मार्कांवरून निकाल लावले, तर दहावीचा निकाल 99.95 टक्के आणि बारावीचा 99.63. पुढच्या वर्षी लेखी परीक्षा परत आली तेव्हा बारावी 94.22 वर. मार्क देणारा आणि शिकवणारा एकच माणूस असला की तो हात सैल सोडतोच, इथे पण आणि तिथे पण, त्यात बदमाशी कमी आणि माणुसकी जास्त असते.

म्हणून लेकीचे ए खोटे आहेत का, तर नाहीत. हे तिला तुम्ही सांगण्यापेक्षा हा परिच्छेदच वाचायला द्या. त्या ए मध्ये वर्षभर एकही होमवर्क न चुकवणं आहे, दर टेस्टनंतर बसून चुका लिहून काढणं आहे, लॅबमध्ये ग्रुप सांभाळणं आहे, आणि कॉलेजात हे लागतं. शिकागोच्याच सरकारी शाळांमधल्या मुलांवर 2020 मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात कॉलेजची डिग्री पूर्ण कोण करतं हे एसीटीच्या स्कोअरपेक्षा हायस्कूलच्या जीपीएवरून कितीतरी जास्त कळतं असं दिसलं. उलट 2024 मध्ये आयव्ही लीग आणि तसल्या कॉलेजांचा अभ्यास आला त्यात नेमकं उलटं, तिथे पहिल्या वर्षीचे मार्क जीपीएवरून फारसे कळत नाहीत, सॅटवरून कळतात. मला यात भांडण दिसत नाही. आयव्हीत पोचलेल्या सगळ्यांकडे ए चा ढीग असतो, मग फरक दिसणार कुठून, तो परीक्षेतच दिसणार. आणि शहरातल्या साध्या शाळेत रोज वर्गात येणं, काम पूर्ण करणं हाच मोठा फरक असतो. दोन्ही आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, लेकीच्या बाबतीत पण. ती मेहनती आहे, आणि तिला केमिस्ट्री अजून नीट येत नाही. दोन्ही खरं आहे.

ढ म्हणाल तर ढ मुलीला डीबीक्यूमध्ये सातातले चार मिळत नाहीत.

कॉलेजवाले काय म्हणतील? ते मुख्यतः ट्रान्सक्रिप्ट बघतात, काय विषय घेतले, त्यात काय ग्रेड मिळाला. ए तिथे ए म्हणूनच राहतो, अवघड विषयांना जास्त वजन देणाऱ्या जीपीएत एपीचा जास्तीचा पॉइंट पण धरला जातो. एक सांगते, बऱ्याच शाळा अर्जासोबत स्वतःची माहिती देणारं एक पान पाठवतात, त्यात त्यांच्या मुलांना एपीत किती 5, किती 4, किती 3 आले हे कधीकधी लिहिलेलं असतं, त्यामुळे अ‍ॅडमिशन ऑफिसात बसलेल्या माणसाला कुठल्या शाळेचा ए किती पाण्यात आहे हे साधारण माहीत असतं. तुम्ही पण ते पान शाळेच्या साइटवर शोधा. तुमच्या शाळेत केमिस्ट्रीत बहुतेकांना 1 आणि 2 असतील तर गोष्ट वर्गाची आहे. बाकीच्यांना 4 आणि 5 असतील तर लेकीच्या अभ्यासाच्या पद्धतीकडे बघावं लागेल. ओळखीतल्या मुलाचा बी आणि 5 यावर मी काही बोलणार नाही, तो दुसऱ्या शाळेत असेल, होमवर्क देत नसेल, काहीही असेल, ते आपल्याला काय करायचंय.

क्रेडिटचं म्हणाल तर 2 ला कुठे क्रेडिट मिळत नाही असंच धरून चाला. तुमच्या इलिनॉयमध्ये कायदा आहे, सरकारी कॉलेजांनी 3 पासून क्रेडिट द्यायचं, म्हणजे हिस्टरीचं 4 तिथे कामाला येईल आणि एका कोर्सचे पैसे वाचतील. केमिस्ट्रीचं क्रेडिट नाही मिळालं याचं मला तर बरंच वाटतंय. तिला मेडिकलला जायचंय ना? मग केमिस्ट्री कॉलेजात करायचीच आहे, बऱ्याच मेडिकल कॉलेजांना नुसतं एपीचं क्रेडिट चालत पण नाही, कॉलेजात केलेली केमिस्ट्री हवी असते. ज्यांना 4 येतो ती मुलं कधीकधी पहिला कोर्स उडी मारून थेट पुढच्यात बसतात आणि ऑरगॅनिकला पोचेपर्यंत धापा टाकतात. ही पहिल्यापासून नीट करेल.

टीचरला जाब विचारणं. आत्ता जुलैत ईमेल अजिबात करू नका, सुट्टी चालू आहे, आणि जाब म्हणून तर कधीच नको, लेकीला बारावीत शिफारसपत्र कोणाकडनं घ्यायचंय याचा पण विचार करा. शाळा सुरू झाली की ऑगस्टच्या शेवटी लेकीलाच लिहू द्या, तुम्ही नको. लिहायचं एवढंच, की मला 2 आला, मला कॉलेजात केमिस्ट्री करायचीय, कुठल्या युनिटमध्ये मी कच्ची आहे ते तुमच्याबरोबर दहा मिनिटं बसून बघता येईल का. टीचरना कॉलेज बोर्डाकडून वर्गाचा एक रिपोर्ट मिळतो, कुठल्या युनिटमध्ये वर्ग बाकीच्यांच्या मागे पडला ते त्यात असतं, सगळेच टीचर तो उघडून बघतात असं नाही, तिने विचारलं तर कदाचित उघडतील. त्याचा फायदा पुढच्या वर्षीच्या मुलांना पण होईल. मिस्टरांना म्हणावं तेवढं दहा मिनिटांचं काम लेकीवर सोडा, आपण तिथे जाऊन आवाज चढवला तर हात दाखवून अवलक्षण होईल, दुसरं काही नाही.

आता बायॉलॉजी आणि कॅल्क्युलस. बायॉलॉजी सोडू नका असं माझं मत आहे. त्या परीक्षेत पण 60 प्रश्न आणि मग 6 लिहायचे, दोन्हीला 90-90 मिनिटं, पण त्यात प्रयोगाचे आलेख वाचून त्यातून काय दिसतं ते नेमक्या शब्दांत लिहायचं असतं, आणि कागद वाचून त्यातून मुद्दा काढून लिहिणं हे या मुलीला हिस्टरीत जमलंय. कॅल्क्युलसचं मी सांगू शकत नाही, ते तिचं प्रीकॅल्क्युलसचं पोर्टल सांगेल. तसंच उघडा, फक्त टेस्टची ओळ बघा, दुरुस्तीच्या आधीचे मार्क काढा. 75-80 च्या पुढे असतील तर बिनधास्त घेऊ दे. 60 च्या घरात असतील तर साधं कॅल्क्युलस घेऊन नीट शिकणं मला जास्त बरं वाटेल, कॉलेजात परत करायचंच आहे. आणि मिस्टर जे 5 आलेच पाहिजेत म्हणतायत त्यांना कॅलेंडर दाखवा, बारावीची एपी मेमध्ये, स्कोअर जुलैत, आणि कॉलेजांचे निकाल मार्चअखेरपर्यंत लागलेले असतात. बारावीच्या एपीच्या स्कोअरने अ‍ॅडमिशन मिळत पण नाही आणि जात पण नाही, फक्त क्रेडिटचा आणि कुठल्या कोर्सला बसायचं त्याचा प्रश्न असतो.

बारावीत घरी काय करायचं तर एकच. होमवर्क, लॅब, क्विझ या ओळींकडे बघणं बंद करा, त्या ती सांभाळते. दर टेस्टनंतर दुरुस्तीच्या आधीचा आकडा एका कागदावर लिहून ठेवायला सांगा, रागवायला नाही, नुसता लिहायला. आणि महिन्यातून एका रविवारी जुन्या वर्षाचा एक लिहायचा प्रश्न, फोन दुसऱ्या खोलीत, घड्याळ लावून, आणि मग तिचं तिनेच त्या मार्कांच्या कागदाशी पडताळून बघायचं. पहिल्या दोन-तीन वेळा दहातले तीन येतील. घाबरू नका, माझ्या वर्गातल्या चांगल्या चांगल्या मुलांना सप्टेंबरमध्ये तेवढेच येतात.

केमिस्ट्रीची परीक्षा पुढच्या मेमध्ये परत द्यायची का असं तुम्ही शेवटी तळटीपेत विचारलंय. देता येते, पण नका देऊ. जवळपास शंभर डॉलर जातील, जुना 2 पण रेकॉर्डवर राहतोच, आणि त्या दोन आठवड्यांत तिच्या बाकीच्या परीक्षा असतील. बायॉलॉजीचं मात्र नाव नोंदवायचं विसरू नका, शाळांना नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत परीक्षांची ऑर्डर द्यावी लागते म्हणून बऱ्याच शाळा ऑक्टोबरमध्येच मुलांकडून पैसे घेतात. तोवर बायॉलॉजीच्या दोन-तीन टेस्ट होऊन गेलेल्या असतील, तो कागद बघा आणि मग भरा.